कोर्टाच्या तोंडून निघेपर्यंत

सरजाबाई मालगुजारीण. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार या बाईंचे, म्हणून त्यांचं नाव सगळ्यांत आधी लिहितो. आर्वी तहसिलीतल्या आमच्या गावची मालगुजारी, म्हणजे जमिनीची मालकी आणि सारावसुली, त्यांच्या घराण्याकडे होती. यजमान लवकर गेले. पदरी एकुलता एक मुलगा, वसंतराव. माझे वडील त्यांच्या गोठ्यावर होते. बाईंच्या बैलजोड्या त्यांनी शेवटपर्यंत सांभाळल्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावलेला नव्हता. मी चौथी पास झालो तेव्हा मलाही गोठ्यावर लावावं म्हणून वडील मला बाईंकडे घेऊन गेले. बाई सुपारी कातरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ढोरं राखाले लय पोट्टे भेटतात मले. याले आर्वीच्या शाळेत धाडा. सायबाच्या समोर उभा राहून इंग्रजीत बोलनारा एक तरी निघू दे या गावातून."

तिथून बी.ए. होईपर्यंत सगळं बाईंनी केलं. राहायची जागा, परीक्षेच्या फिया, ज्वारी, तुरीची डाळ. सुट्टीत गावी गेलो की माझं पान वसंतरावांच्या पानाशेजारी. गड्याच्या पोराला शेजारी बसवतात म्हणून भाऊबंद कुरकुरले, तर बाई म्हणाल्या, "ज्याले चालत नाई, त्यानं आपलं ताट घेऊन ओसरीत बसावं."

अशा बाईंना मी एकदा माझ्या दारातून रडत परत जाऊ दिलं. ते का, हे कळायला आधी माझं काम काय होतं ते सांगितलं पाहिजे.

मी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हायकोर्टात, सिव्हिल लाइन्समध्ये, जजमेंट रायटर होतो. न्यायमूर्ती निकाल स्वतःच्या हातानं लिहीत बसतात, अशी बाहेरच्या लोकांची समजूत असते. काही लिहीतही. पण आमचे साहेब चालत बोलत. बंगल्याच्या मागच्या खोलीत खिडकीपासून कपाटापर्यंत येरझारा घालायचे आणि मी खाली मान घालून शॉर्टहँडमध्ये घ्यायचो. मग तिथेच बसून टाइप करायचं. साहेब लाल पेन्सिलीनं निम्मं खोडत. पुन्हा टाइप. शेवटी तो कागद कपाटात आणि किल्ली साहेबांच्या कोटाच्या खिशात. कोर्टात वाचून दाखवेपर्यंत तो निकाल बेंचवरचे न्यायमूर्ती आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक असे. एखाद्याची फाशी रद्द झाल्याचं त्याच्या आईबापाआधी मला कळायचं. तो बाप कोर्टाच्या पायऱ्यांवर धोतराच्या सोग्यानं वारा घेत बसलेला असे, आणि मी त्याच्या शेजारून सायकल काढून निघून जायचो.

लढाईच्या दिवसांत कार्बन पेपर मिळेनासा झाला. पण वापरलेला कार्बन उजेडात धरला तर त्यावरचा मजकूर सरळ वाचता येई. म्हणून टंचाईतही साहेबांचा दंडक होता, की बिघडलेले कागद आणि कार्बन रोजच्या रोज माझ्या हातानं जाळायचे. जाळायचे कुठे? तर न्हाणीघरातल्या बंबात. बंगल्यावरचा शिपाई म्हणायचा, "आमच्या सायबाचं पानी दुसऱ्याच्या नशिबावर तापते."

निकाल आधी कळावा म्हणून लोक काय काय करत! एका मोठ्या वकिलांकडे दुबेजी नावाचे मुनशी होते, जबलपूरकडचे. बंगल्यावर कायद्याची कुठली पुस्तकं गेली, यावरून ते निकालाचा अंदाज बांधायचे. हे कळल्यावर साहेबांनी दोन्ही बाजूंची पुस्तकं मागवायला सुरुवात केली, आणि वर दोन-चार भलतीच. मग दुबेजी माझ्याकडे वळले. पानाच्या ठेल्यावर मला न्याहाळून पक्षकारांना सांगायचे, "आज बाबूजी ने पान में चूना कम लगवाया. अपील खारिज समझो."

"आणि जास्त लावला तर, दुबेजी?"

"तो मंजूर. और बिलकुल न खाएँ तो समझिए बाबूजी का पेट खराब है."

त्यांचे अंदाज निम्म्या वेळा खरे ठरत, म्हणजे कुणाचेही ठरतील तितके. पण त्यांच्यामुळे मी एक शिकलो. कुणी काहीही विचारलं तर उत्तर एकच द्यायचं: "तारखेला या." बटईचा दावा असो की खुनाचा खटला, बातमी चांगली असो की वाईट, शब्द तेच आणि आवाज तोच.

आता हे एवढं कशासाठी, असं आजचे तरुण कारकून मला विचारतात. त्यांना मी उलट विचारतो, की कोर्टाजवळ असतं काय? पलटण नाही. तुरुंगाच्या किल्ल्या नाहीत. पगार होतो तोही सरकारी खजिन्यातून. आमच्या कोर्टाची फौज म्हणजे चांदीच्या मुठीची काठी घेऊन पुढे चालणारा एक चोपदार, आणि तो दम्यानं बेजार. तरी न्यायमूर्तींनी "सोडा" म्हटलं की जेलर दार उघडतो. का उघडतो? कारण तो शब्द बोलला जाण्याआधी कुणी विकत घेतलेला नाही, कुणी भीती घालून वळवलेला नाही आणि कुणी चोरून ऐकलेला नाही, अशी सगळ्यांची खात्री असते. ती खात्री गेली की न्यायमूर्ती म्हणजे उंच खुर्चीवर बसलेला एक म्हातारा माणूस.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. बेचाळीसच्या चळवळीनंतर सरकारनं युद्धकाळातल्या कायद्याखाली शेकडो माणसं बिनचौकशी आत टाकली होती. ना आरोप, ना खटला. 'सरकारचं समाधान झालं आहे' एवढं छापील वाक्य आणि खाली सही. अशांचे सुटकेचे अर्ज आमच्याकडे येऊ लागले. आमच्या वर दिल्लीला फेडरल कोर्ट होतं, त्याच्याही वर विलायतेत प्रिव्ही कौन्सिल. पण कोठडीतल्या माणसाला तेवढं लांबचं कुठून दिसणार? मध्यप्रांत-वऱ्हाडात त्याच्यासाठी शेवटचं दार आमचंच. अशाच एका अर्जात सुटकेचा निकाल ठरल्याची कुणकुण कुठून तरी आधीच फुटली. निकालाच्या तारखेला सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, कैद्याला प्रशासकीय कारणासाठी दुसऱ्या प्रांताच्या तुरुंगात हलवलं आहे. आमच्या कोर्टाचा हुकूम प्रांताच्या हद्दीपर्यंत. साहेबांनी निकाल वाचला. 'सोडा' म्हणाले, पण सोडायला समोर कुणी नव्हतं.  त्या दिवशी बंगल्यावर साहेब म्हणाले, "गणपतराव, आज मी भिंतीला हुकूम दिला."

त्यानंतर काही महिन्यांनी वसंतरावांना धरलं. त्यांनी बाजाराच्या दिवशी गावात सभा घेतली होती, एवढाच गुन्हा. अर्ज आमच्याच बेंचपुढे आला आणि निकाल लिहायचं काम माझ्या साहेबांकडे.

मी सरळ साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "या प्रकरणात मला दूर ठेवा. अर्जदाराच्या आईच्या अन्नावर मी वाढलो आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि पगार कुणाचा खाता?"

"सरकारचा."

"म्हणजे दोन्ही पक्षांचं खाल्लंत. मीही सरकारचाच खातो. मग काय, निकाल चोपदाराकडून लिहून घेऊ?" चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या हातात निकाल नाही, फक्त पेन्सिल आहे. तोंड बंद ठेवता येईल का, तेवढं सांगा."

"येईल."

"मग बसा."

सुनावणी झाली. सरकारचं समाधान झालं म्हणजे नेमकं कुणाचं झालं, हे साहेबांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. शेवटी निघालं ते असं, की ज्या अधिकाऱ्याची सही होती त्यानं वसंतरावांचे कागद उघडलेच नव्हते. सह्या गठ्ठ्यानं झाल्या होत्या. निकाल राखून ठेवला. कैद्याला त्या तारखेला हजर ठेवा, असं बेंचनं सांगितलं. ते प्रत्येकच अर्जात सांगितलं जाई, त्यामुळे त्यावरून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं.

मग साहेबांनी निकाल सांगितला आणि मी तो घेतला. सुटका. शेवटची ओळ मला दोनदा टाइप करावी लागली, हे कबूल करतो. कागद कपाटात गेला, कार्बन बंबात गेला, आणि मी लकडगंजला घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या समोरच्या लाकडाच्या टालीवर दोन माणसं बसायला लागली. लाकूड घेईनात, विकीनात, नुसत्या विड्या ओढत. मग सेक्रेटरिएटमधले एक बडे बाबू घरी आले. कॉलेजात माझ्या पुढे होते. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि म्हणाले, "गणपतराव, तुम्ही काही सांगू नका. मी म्हणतो, सुटणार. तुम्ही फक्त 'नाही' म्हणू नका. झालं."

"तारखेला या," मी म्हटलं.

"लढाई चालू आहे. अशा वेळी सरकारला कोण उपयोगी पडलं, हे लक्षात ठेवलं जातं. कोण नाही पडलं तेही."

"लक्षात ठेवा. नाव गणपत, मुक्काम लकडगंज. तुमची माणसं समोर बसलीच आहेत, त्यांना विचारा."

ते चहा अर्धा टाकून गेले. खरं सांगतो, ते उत्तर देताना मला मजा वाटली. सरकारी माणसाला असं तोंडावर बोलणं सोपं असतं, मनात राग असला की झालं. अवघड ते पुढे होतं.

त्याच दिवशी दुपारी टांगा थांबला आणि सरजाबाई उतरल्या. बाई कधी आमच्या घरी आल्या नव्हत्या. माझी बायको शांता धावत गेली, पायांवर पाणी घातलं, पाट मांडला. बाई बसल्या नाहीत.

"गना, तुले सारं मालूम हाय म्हनतात."

"बाई, आधी बसा तर."

"बसाले नाई आली मी. वसंता सुटते का नाई, येवढं सांग."

"तारखेले या, बाई."

"तारखेले तं सारी दुनिया येईन. मी तुले इचारून राह्यली. एक शब्द सांग. नाई तं मान हालव."

मी मान हलवली नाही. पापणीही हलू दिली नाही. शांता आतून म्हणाली, "सांगून टाका ना हो. माय हाय ते. ते काय कोनाले सांगनार हाय?"

कुणालाच सांगणार नव्हत्या, हे मलाही ठाऊक होतं. पण बाईंचा चेहरा मी लहानपणापासून पाहत आलो होतो. गाय व्याली तरी तो आनंद सगळ्या गावाला दिसायचा. समोर दोन माणसं विड्या ओढत बसलेली. बाई हसत बाहेर पडल्या असत्या, तर रातोरात वसंतराव प्रांताबाहेर गेले असते.

तेही मी बाईंना सांगू शकत नव्हतो. 'तुम्ही हसाल म्हणून सांगत नाही' असं म्हणणं म्हणजे सांगणंच.

"काहून गा? काहून बोलत नाई?" बाईंचा आवाज चढला. "मी तुले काय कमी केलं? वसंताच्या ताटातलं काढून तुह्या ताटात वाढलं. आन आज तू मले कोरटाच्या मानसावानी बोलून राह्यला?"

"मी कोरटाचाच मानूस हाय, बाई."

 बाईंच्या डोळ्यांत पाणी भरलं. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी लावला होता. "म्हंजे नाई सुटत," त्या म्हणाल्या. "चांगलं असतं तं तू बोलला असता." पदर तोंडात धरून त्या टांग्यात चढल्या. टालीवरच्या माणसांच्या समोरून टांगा गेला तेव्हा त्यांचं रडणं माझ्या दारापर्यंत ऐकू येत होतं.  शांतानं त्या दिवशी पान आपटूनच वाढलं.

तारखेला कोर्टात फारशी गर्दी नव्हती. वसंतरावांना दोन शिपाई घेऊन आले होते, तेही पेंगुळलेले. साहेबांनी निकाल वाचला. शेवटचं वाक्य संपताच सरकारी वकील घाईघाईनं उठले आणि सरकारचा पुढचा विचार कळवायला दोन दिवसांची मुदत मागू लागले.

साहेब म्हणाले, "सरकारनं विचार करायचा तो धरण्याआधी करायला हवा होता. हा माणूस या क्षणापासून मोकळा आहे. त्याचा हात सोडा."

शिपायानं खरंच हात धरलेला होता. तो सोडला. नुसता एक हात सोडला एवढंच, पण त्या दिवशी साऱ्या प्रांताचं सरकार त्या शिपायाच्या मागे उभं होतं आणि तरी त्याला तो सोडावा लागला. माझ्या नोकरीत याहून मोठं काही मी पाहिलं नाही. पुढे देश स्वतंत्र झाला, दिल्लीला आपलं सर्वोच्च न्यायालय आलं, मोठमोठे निकाल झाले. ते सगळे मी वाचतो. पण कुठल्याही कोर्टाची ताकद किती, असं कुणी विचारलं तर मला तो सुटलेला हात आठवतो.

बाहेर पानाच्या ठेल्यावर दुबेजी भेटले. मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "बाबूजी, पुलिसवाले तो मात खा गए. उनके आदमी ने ख़बर दी थी कि बुढ़िया रोती हुई निकली है, मतलब अर्ज़ी ख़ारिज. इसलिए न नया हुक्म बनाया, न लड़के को हटाया. वाह! क्या तरकीब की आपने!"

"मी काही तरकीब केली नाही, दुबेजी."

"यही तो तरकीब है," ते म्हणाले आणि माझ्या पानाचे पैसे त्यांनीच दिले.

मी त्या रडण्याचा बेत आखला नव्हता. बाईंच्या अश्रूंवर मी जुगार खेळलो, असं पुढे गावात बोललं गेलं, आणि ते बाईंच्या कानावर गेलं. त्यांना मुलगा सुटल्याचा आनंद झाला आणि माझा संताप आला, दोन्ही एकदम. वसंतरावांनी त्यांना समजावलं, पण उपयोग नाही. तारखेपर्यंतच्या त्या दिवसांत बाईंनी अन्न घेतलं नव्हतं. मुलगा गेलाच, असं धरून त्या बसल्या होत्या. ते त्यांनी मला माफ केलं नाही.

महिनाभरानं वडील गावाहून आले. बाईंचा निरोप होता: गनानं माझ्यापुढे येऊन 'चुकलो' म्हणावं. नाही म्हणाला, तर या घराचं दार त्याला बंद.

वडील माझ्या ओट्यावर बसून पागोटं सोडत म्हणाले, "म्हन ना चुकलो. तोंडानं म्हनाले काय लागते? माय हाय ते आपली. आन मी तं तिच्याच गोठ्यात उभा हावो, बावा."

"मी चुकलो असतो तं पाया पडून म्हटलं असतं, बाबा."

"लय शिकला तू," वडील म्हणाले. ते कौतुक होतं की टोमणा, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी त्यांच्याजवळ पत्र दिलं. बाईंना वाचता येत नव्हतं. ते पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं ते वसंतरावांनीच. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे, ती खाली देतो.

"तीर्थस्वरूप बाईंचे सेवेसी, बालक गणपत याचा शिरसाष्टांग दंडवत.

आपला निरोप पोहोचला. आपण माझ्या दारी आलात त्या दिवशी निकाल मला ठाऊक होता. वसंतराव सुटणार हे ठाऊक असून मी आपल्याला रडत जाऊ दिलं. लोक सांगतात त्यातलं एवढं खरं आहे. आपल्या रडण्याचा उपयोग करून घेतला, हे खरं नाही. आपण रडाल हेही माझ्या मनात आलं नव्हतं. मी फक्त गप्प बसलो.

आपण म्हणालात, चांगलं असतं तर तू बोलला असतास. बाई, तिथेच सगळं आहे. आपल्याला मी चांगली बातमी सांगितली असती, तर पुढे ज्या आईसमोर मी गप्प बसलो असतो, तिला तिचा मुलगा जाणार हे तिथेच कळलं असतं. चांगलं बोलायचं आणि वाईटाला गप्प बसायचं, असं करणारा माणूस गप्प बसूनही सगळं सांगून टाकतो. म्हणून मला दोन्हीला सारखंच गप्प बसावं लागतं. निकाल विरुद्ध गेला असता तरी मी त्या दिवशी असाच उभा राहिलो असतो, आणि आपण अशाच गेला असतात.

वसंतरावांना मी सोडवलेलं नाही. त्याचं श्रेय मी घेणार नाही, आणि दोषही घेणार नाही. त्यांना कोर्टानं सोडवलं. ज्या कोर्टातला कारकून आपल्या अन्नदात्याला फुटला नाही, त्याच कोर्टाचा शब्द त्या दिवशी सरकारला मानावा लागला. मी आपल्याला फुटलो असतो, तर उद्या दुसऱ्या कुणाला फुटायला मला कितीसा वेळ लागला असता?

चुकलो असं मी लिहीत नाही. पुन्हा तशी वेळ आली, पुन्हा आपण आलात, तर पुन्हा हेच करीन. आपण तारखेपर्यंत उपाशी राहिलात याचं दुःख मला जन्मभर राहील. पण दुःख वेगळं आणि चूक वेगळी.

माझ्यामुळे वडिलांना कामावरून काढू नये, अशी विनंती मी करणार नाही. कुणाच्या निकालात आधी शब्द टाकायचा नाही, हेच माझं काम आहे. आपल्या घरी आपण वरचं कोर्ट. तिथे जे ठरेल त्यावर माझं अपील नाही.

आपला,
गणपत"